बाळाला पोहायला कधी शिकवावं? क्लास लावण्याआधी शहाद्यातल्या पालकांनी काय तपासायला हवं?

सात-आठ महिन्यांचं बाळ. कोच त्याला पाण्यात सोडतो. बाळ क्षणभर पाण्याखाली जातं, मग हळूच वळतं आणि पाठीवर तरंगायला लागतं. खाली कॅप्शन असतं, 'आजच शिकवा, उद्या जीव वाचेल.'

असे रील्स गेल्या काही वर्षांत बहुतेक नव्या आई-बाबांच्या मोबाईलवर येऊन गेले आहेत. बाळांचे स्विमिंग क्लास हा प्रकार आधी मुंबई-पुण्यापुरता होता. आता तालुक्याच्या गावातले पालकही विचारू लागले आहेत, की आपल्या बाळाला हे शिकवायचं का? शिकवायचं तर कितव्या महिन्यापासून? आणि समोरचा क्लास सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं?

या प्रश्नांची उत्तरं वयानुसार बदलतात. त्यातही एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. एक वर्षाखालच्या बाळाचा स्विमिंग क्लास म्हणजे आई-बाबांसोबत पाण्यातला खेळ. त्यातून मजा येते, पाण्याची ओळख होते. पण त्यामुळे बाळ बुडण्यापासून वाचतं, असा पुरावा आजपर्यंत मिळालेला नाही. जो क्लास हे तुम्हाला स्पष्ट सांगतो, तो निदान प्रामाणिक आहे. जो 'सहा महिन्यांत तुमचं बाळ वॉटरप्रूफ करून देतो' म्हणतो, तिथून परत फिरलेलं बरं.

शहाद्यात हा विषय महत्त्वाचा का आहे?

शहादा गोमाई नदीच्या काठावर वसलंय. ही गोमाई पुढे प्रकाशा इथे तापीला मिळते. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा असे दोन बॅरेज आहेत, त्यामुळे नदीत पाणी साठून राहतं. पावसाळ्यात वर हतनूर धरणातून विसर्ग वाढला, की इकडे बॅरेजचे दरवाजे उघडले जातात आणि नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो.

नदी तर आहेच, त्याशिवाय तालुक्यात ऊस, केळी आणि पपईची बागायती शेती आहे. म्हणजे विहिरी आल्या, पाट आले, शेततळी आली. घरात पाणी साठवायला हौद, पिंपं आणि अंगणात जमिनीखालची टाकी असते. थोडक्यात, आपल्याकडचं लहान मूल स्विमिंग पूलपासून लांब असेल, पण पाण्यापासून लांब नसतं.

आकडेही हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये बुडण्याच्या घटनांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात अंदाजे ३ लाख लोक बुडून मरण पावले, आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. दहापैकी नऊ मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ मध्ये बुडून झालेल्या ३८ हजारांहून जास्त मृत्यूंची नोंद आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना टाळण्यासाठी स्वतंत्र धोरणात्मक आराखडा आणला, तो याच कारणासाठी.

त्यामुळे 'मुलाला पोहता आलं पाहिजे' ही पालकांची इच्छा अगदी रास्त आहे. प्रश्न वयाचा आणि पद्धतीचा आहे.

बाळाला जन्मतःच पोहता येतं, हे खरं आहे का?

'बाळ नऊ महिने पाण्यातच असतं, त्याला पोहायला काय शिकवायचं?' असं अनेक जण म्हणतात. क्लासच्या जाहिरातीतही हे वाक्य हमखास सापडतं.

खरी गोष्ट अशी आहे. तान्ह्या बाळाला पाण्यात पालथं धरलं, तर ते हातपाय मारतं. तोंडावर पाणी आलं, की त्याचा श्वास काही क्षण आपोआप थांबतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. या दोन्ही शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. तळहाताला स्पर्श झाला की बाळ मूठ आवळतं, तसंच हे. हातपाय मारण्याची ही क्रिया साधारण सहा महिन्यांनंतर ओसरत जाते.

पोहायचं म्हणजे तोंड पाण्याबाहेर काढून श्वास घेता आला पाहिजे, आणि काठाकडे जाता आलं पाहिजे. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेत तेवढं बळ नसतं. त्यामुळे हातपाय कितीही हलले, तरी बाळ स्वतःचं डोकं वर उचलून श्वास घेत राहू शकत नाही. श्वास थांबवण्याची क्रियाही भरवशाची नाही. अनेक बाळं पाणी गिळतात, काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं.

मग योग्य वय कोणतं?

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना आहे. चार वर्षांखालच्या मुलांना पोहण्याचे धडे देऊ नयेत, अशी तिची जुनी भूमिका होती. २०१० मध्ये तिने ती सैल केली आणि २०१९ च्या धोरणात सांगितलं, की एक वर्षानंतर बऱ्याच मुलांना पोहण्याच्या शिकवणीचा फायदा होऊ शकतो.

हा बदल होण्यामागे अमेरिकेतला २००९ सालचा एक अभ्यास होता. १ ते ४ वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर पोहण्याचे धडे घेतले होते, त्यांच्यात बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र हा अभ्यास छोटा होता, त्यामुळे नेमक्या आकड्यावर फार भर देता येत नाही. शिकवणीने धोका वाढत नाही, उलट कमी होण्याची शक्यता आहे, एवढं त्यातून कळलं. एक वर्षाखालच्या बाळांसाठी मात्र असा फायदा कुठेच दिसलेला नाही.

वयानुसार ढोबळ चित्र असं आहे.

• सहा महिन्यांपर्यंत : घरातली अंघोळ पुरेशी आहे. बाळाचं शरीर पटकन गार पडतं. मोठ्या तलावात नेण्याची घाई करण्याचं कारण नाही.

• सहा महिने ते एक वर्ष : बाळ मान नीट सावरू लागलं असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर कोमट पाण्यात आई किंवा बाबांच्या हातात राहून खेळायला हरकत नाही. याला शिकवणी समजू नका.

• एक ते चार वर्षं : पालक सोबत असलेला क्लास लावता येतो. पाण्यात फुंकर मारणं, काठ धरणं, पाठीवर तरंगणं, काठावर परत येणं एवढंच या वयात शिकायचं असतं. एखादं मूल दीड वर्षात तयार होतं, एखाद्याला तीन वर्षं लागतात.

• चार वर्षांनंतर : बहुतेक मुलं रीतसर शिकायला तयार होतात. हात-पाय-श्वास यांचा मेळ साधून नीट पोहणं बहुतेकांना पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमतं.

जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारण सहा वर्षांपासूनच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असं सांगते. त्याहून लहान मुलांसाठी तिचा सल्ला वेगळा आहे. त्यांना पाण्यापासून दूर, कुणाच्या तरी देखरेखीखाली, सुरक्षित जागी ठेवा. बांगलादेशात गावोगावी बालसंगोपन केंद्रं चालवून याच पद्धतीने लहान मुलांचे बुडून होणारे मृत्यू खूप कमी करता आले.

क्लास लावण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे?

पैसे भरण्याआधी एकदा क्लास सुरू असताना जाऊन बघा. पालकांना बघू देत नसतील, तर तेच तुमचं उत्तर. बघताना पुढच्या गोष्टी तपासा.

१. बाळासोबत पाण्यात कोण असतं?
तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलासोबत त्याचं स्वतःचं मोठं माणूस पाण्यात असायला हवं, आणि तेही हाताच्या अंतरावर. 'तुम्ही काठावर बसा, आम्ही बघतो' हे इतक्या लहान मुलांसाठी चालत नाही. आई-बाबांपैकी कुणालाच पोहता येत नसेल तरी अडचण नाही. अशा वर्गात पाणी मोठ्या माणसाच्या कमरेइतकं किंवा फार तर छातीइतकं असावं, म्हणजे पाय तळाला टेकलेले राहतात.

२. कोचचं शिक्षण काय आहे?
'पंधरा वर्षं शिकवतोय' हे उत्तर पुरेसं नाही. मोठ्यांना शर्यतीसाठी तयार करणारा कोच उत्तम असेल, पण बाळांना हाताळणं हे वेगळं काम आहे. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण आणि बाळांचा सीपीआर येतो का, हे थेट विचारा. प्रमाणपत्र दाखवायला सांगा आणि त्यावरची तारीख बघा. जीवरक्षकाचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय जीवरक्षक संस्था पुण्यात आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षण घेतलेले कोचही महाराष्ट्रात आहेत.

३. लाइफगार्ड वेगळा आहे का?
शिकवणारा माणूस एका बाळाकडे बघत असतो, तेव्हा बाकीच्यांकडे त्याची पाठ असते. म्हणून फक्त पाण्यावर नजर ठेवणारा वेगळा माणूस हवा. त्याच्या हातात मोबाईल असेल, तर तो लाइफगार्ड नाही.

४. एका वेळी किती मुलं?
सहा-आठ जोड्यांच्या पुढे गर्दी होते. आवाज वाढतो, बाळं घाबरतात आणि कोचचं लक्ष विभागलं जातं.

५. पाणी किती गरम आहे?
बाळांसाठी पाणी ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. पोहण्याच्या सरावासाठीचे तलाव साधारणपणे याहून गार असतात. शहाद्यात मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असला, तरी सकाळी सातला तलावाचं पाणी बाळासाठी गारच असू शकतं. थर्मामीटर लावून बघायला सांगा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. एक वर्षाखालच्या बाळाला एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त पाण्यात ठेवू नये. ओठ निळसर दिसले किंवा अंग थरथरलं, तर लगेच बाहेर काढून कोरडं करा.

६. पाणी स्वच्छ आहे का?
तळ स्पष्ट दिसायला हवा. तलावाच्या पाण्यात क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम आणि सामू, म्हणजे पीएच, ७ ते ७.८ च्या दरम्यान असावा. चांगल्या तलावावर याची रोजची नोंदवही असते, ती मागून बघा. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला की 'भरपूर क्लोरीन आहे, म्हणजे पाणी स्वच्छ' असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग झाला, की तो वास येतो. म्हणजे पाण्याकडे लक्ष द्यायची गरज आहे.

७. तलावाला कुंपण आहे का?
चारही बाजूंनी निदान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक असावं. तळाशी पाणी खेचून घेणारी जाळी असते, ती तुटलेली किंवा उघडी नसावी. लहान मुलांचे केस किंवा हात त्यात अडकू शकतात.

८. बाळ रडलं तर काय करता?
हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा आणि उत्तर नीट ऐका. 'रडून रडून आपोआप गप्प होतं' असं उत्तर आलं, तर क्लास लावू नका. 'आम्ही थांबतो, बाळाला बाहेर घेतो, पुढच्या वेळी बघतो' हे बरोबर उत्तर आहे.

पाण्यात बुडवून शिकवणाऱ्या पद्धतीचं काय?

'ढकलून दिलं की आपोआप शिकतं' हे वाक्य आपल्याकडे नवं नाही. गावाकडे कित्येक पिढ्या पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून, कमरेला दोर लावून विहिरीत पोहायला शिकल्या. त्यातही दोर धरणारा मामा किंवा काका वर उभा असायचा, आणि मूल सात-आठ वर्षांचं असायचं. तान्ह्या बाळाला कुणी विहिरीत सोडत नव्हतं.

काही आधुनिक क्लासमध्ये मात्र सहा महिन्यांच्या बाळाला पुन्हा पुन्हा पाण्याखाली नेलं जातं. त्याला 'सर्व्हायवल ट्रेनिंग' म्हणतात. पाण्यात पडल्यावर बाळाने पाठीवर वळून तरंगावं, हा त्याचा उद्देश. काही बाळं क्लासमध्ये हे करूनही दाखवतात. पण क्लासमध्ये कोच शेजारी असतो, पाणी कोमट असतं आणि बाळाला सवय झालेली असते. अंगणातल्या टाकीत कपड्यांसकट अचानक पडल्यावर तेच बाळ तसंच करेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

शिवाय यात शारीरिक धोकाही आहे. वारंवार पाण्याखाली गेलेलं बाळ बरंच पाणी गिळतं. त्याचं वजन कमी असल्याने रक्तातलं सोडियमचं प्रमाण पटकन घसरू शकतं. क्लासनंतर बाळ विनाकारण किरकिर करत असेल, उलट्या होत असतील, नेहमीपेक्षा जास्त झोपत असेल किंवा झटका आला, तर थेट दवाखान्यात न्या आणि बाळ पाण्यात होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सतत खोकला, जोरजोरात श्वास, सुस्ती ही लक्षणं दिसली तरी हेच करा. पण 'पोहून आल्यावर आठवड्याने बाळ झोपेत बुडालं' अशा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. पाण्यात धोका झाला असेल, तर त्याची लक्षणं काही तासांत दिसू लागतात.

गळ्यातली रिंग वापरावी का?

याचं उत्तर 'नाही' असं आहे.

बाळाच्या गळ्याभोवती हवा भरलेली रिंग घालून त्याला टबमध्ये सोडायचं, हा प्रकार शहरांतल्या बेबी स्पामध्ये दिसतो. तशी रिंग ऑनलाइन सहज मिळते. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या रिंग वापरू नका असा इशारा दिला. एका बाळाचा मृत्यू आणि आणखी एका बाळाला रुग्णालयात दाखल करावं लागल्याची माहिती त्यात होती. रिंगमधली हवा गेली, किंवा बाळ त्यातून निसटलं तर ते बुडतं. शिवाय सगळं वजन मानेवर येतं. स्नायू कमकुवत असलेल्या किंवा वाढ उशिरा होणाऱ्या बाळांना धोका जास्त असतो, आणि नेमकी अशाच बाळांसाठी 'थेरपी' म्हणून ही रिंग विकली जाते.

दंडावर घालायचे फुगे आणि बदकाच्या आकाराच्या ट्यूबही खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर मुलाला सोडून मागे वळू नका. बोटीत बसायचं असेल, तर मुलाच्या वजनाला बसणारं लाइफ जॅकेटच हवं.

नदीत, विहिरीत, उनपदेवला नेलं तर?

प्रकाशाच्या घाटावर अनेक घरांत बाळाला स्नान घालण्याची श्रद्धा असते. ती जपायची असेल, तर घाटावर बसून तांब्याने पाणी घालता येतं. बाळाला घेऊन पायऱ्या उतरू नका. शेवाळाने पाय घसरतो, आणि बॅरेजमुळे पाण्याची खोली पायरीवरून कळत नाही. बाळाच्या तोंडात आणि नाकात नदीचं पाणी जाऊ देऊ नका.

शहादा तालुक्यात उनपदेव इथे गरम पाण्याचा झरा आहे. 'पाणी कोमटच आहे, बाळाला बरं' असा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. पण कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात 'नेग्लेरिया फाऊलेरी' नावाचा अमिबा वाढू शकतो. हे पाणी नाकातून आत गेलं, तर मेंदूला अत्यंत दुर्मीळ पण बहुतेक वेळा जीवघेणा संसर्ग होतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाच्या अशा संसर्गाचे रुग्ण आढळले, तेव्हा या विषयाची देशभर चर्चा झाली. त्यामुळे झरा कुठलाही असो, बाळाचं डोकं त्या पाण्याखाली नेऊ नये.

शेततळ्याचा धोका वेगळाच आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे राज्यात शेततळी वाढली. त्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला, की उतारावर पाय ठरत नाही. चांगलं पोहता येणारा मोठा माणूसही तिथून वर येऊ शकत नाही. शेततळ्याला कुंपण घाला आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खाली सोडून ठेवा.

बाळाला तलावात कधी नेऊ नये?

• जुलाब होत असतील तर. स्विम डायपरने शी थोडा वेळ अडते, जंतू अडत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस जगतो.
• ताप, कान दुखणं, अंगावर उघडी जखम किंवा पुरळ असेल तर.
• बाळाला झटके येत असतील, हृदयाचा आजार असेल किंवा ते अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.
• नुकतंच पोट भरून दूध पाजलं असेल तर थोडा वेळ थांबा.
• दुपारच्या उन्हात उघड्या तलावावर नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवूच नये.

जवळपास असा क्लासच नसेल तर?

बाळासाठी कोमट पाणी, प्रशिक्षित कोच आणि वेगळा लाइफगार्ड या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी एकत्र मिळणं अवघड आहे. मग अर्ध्या तासाच्या क्लाससाठी दर आठवड्याला धुळे किंवा सुरत गाठायचं का?

तशी गरज नाही. एक वर्षाखालच्या बाळाचा क्लास चुकला, तर त्याचं काहीच नुकसान होत नाही. तोच वेळ आणि पैसा घराकडे वळवला, तर फायदा नक्की आहे. कारण या वयातली मुलं बहुतेक वेळा घरात किंवा घराच्या आसपासच बुडतात. त्यासाठी खोल पाणी लागत नाही. नाक आणि तोंड बुडेल एवढं, म्हणजे दोन इंच पाणीही पुरतं. रांगणारं बाळ बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, आत वाकतं आणि डोक्याच्या भाराने तोल जातो. बाहेर पडायला हातात बळ नसतं. आणि यात आवाज होत नाही. सिनेमात दाखवतात तसं ओरडणं, हात हलवणं काही नसतं. त्यामुळे 'पडलं तर कळेलच' यावर विसंबू नका.

आजच करता येतील अशा गोष्टी :

• मोरीतली बादली आणि टब वापरून झाल्यावर रिकामे करून पालथे घाला.
• पिंपाला आणि रांजणाला घट्ट, मुलाला उचलता न येणारं झाकण लावा.
• जमिनीखालच्या टाकीचं झाकण कडी-कुलपाचं करा. पाणी आलं म्हणून झाकण उघडलं, तर भरून होईपर्यंत तिथून हलू नका.
• मोरीच्या दाराला बाहेरून वर कडी बसवा.
• बाळाला अंघोळ घालताना फोन वाजला किंवा दार वाजलं, तर बाळाला उचलून सोबत न्या. 'दोन मिनिटं बघ हं' म्हणून चार वर्षांच्या ताईवर सोडू नका.
• लग्नघरात, शेतावर, नदीवर दहा मोठी माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून नाव घेऊन जबाबदारी द्या. 'पुढची पंधरा मिनिटं बाळाकडे मामा बघणार.'
• शेतावर कामाला जाताना बाळाला विहिरीजवळच्या झोळीत ठेवण्यापेक्षा घरी आजीजवळ ठेवा. थोडं मोठं मूल अंगणवाडीत पाठवता येतं. नोकरी आणि मजुरी करणाऱ्या आयांच्या सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे. आपल्या भागात ती सुरू आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारा.

आणि तरीही बाळ बुडालं, तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

आपल्याकडे बुडालेल्याला उलटं धरतात, पोट दाबतात, पाणी काढायचा प्रयत्न करतात. यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुडालेल्या बाळाला सगळ्यात आधी हवी असते ती हवा.

१. बाळाला बाहेर काढा, कडक आणि सपाट जागी पाठीवर झोपवा. दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा.

२. हाक मारा, तळपायाला टिचकी मारा. प्रतिसाद नसेल आणि श्वास चालू नसेल, तर डोकं सरळ ठेवून हनुवटी किंचित उचला. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडाने झाका आणि हळू दोन फुंकरा द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे.

३. मग छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन्ही अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या टाचेने दाबा. साधारण ४ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. ३० वेळा दाबणं आणि २ श्वास, असं चालू ठेवा.

४. एकटेच असाल, तर साधारण दोन मिनिटं हे केल्यावर फोन स्पीकरवर लावून १०८ ला कळवा आणि पुन्हा सुरू करा.

५. बाळ शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

हे वाचून लक्षात राहील, पण हात बसणार नाही. त्यासाठी बाहुलीवर सराव करावा लागतो. इंडियन रेडक्रॉस, सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि अनेक रुग्णालयं असं प्रशिक्षण देतात. पाच-दहा पालक एकत्र आले, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना किंवा ग्रामीण रुग्णालयाला एक तासाच्या शिबिरासाठी विनंती करता येईल. बाळाच्या क्लासवर खर्च करायचा विचार असेल, तर आई-बाबा आणि आजी-आजोबांचा हा क्लास आधी करा.

थोडक्यात

बाळ एक वर्षाखाली असेल, तर क्लासची घाई करू नका. पाण्यात खेळायचं असेल तर कोमट पाण्यात, तुमच्या हातात खेळू द्या. एक ते चार वर्षांत चांगला क्लास मिळाला तर लावा, पण तुम्हीही पाण्यात उतरा. पाच-सहा वर्षांचं झालं, की मात्र टाळाटाळ न करता पोहायला शिकवा. तापी-गोमाईच्या काठावर वाढणाऱ्या मुला-मुलींना, दोघांनाही, पोहता यायला हवं.

आणि पोहता येऊ लागलं म्हणून नजर हटवू नका. बाळ पाण्याजवळ असेल तेव्हा ते तुमच्या हाताच्या अंतरावर असायला हवं. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आधी मोरीतली बादली पालथी घाला आणि टाकीचं झाकण बघून या.